पेटीतली पहिली पुस्तकं: गोव्यातल्या जुन्या घरांच्या वारसदारांना खुले पत्र

प्रति,
फोंडा, डिचोली, तिसवाडी, बार्देश, सासष्टीतल्या जुन्या घरांचे वारसदार, आणि त्या घरांना कुलूप लावून मुंबई-पुण्याला, बेळगावला, लिस्बनला गेलेले सगळे आप्तजन

सप्रेम नमस्कार.

1 एप्रिल 1512 रोजी आफोंसो द आल्बुकेर्कनं कोचीहून आपल्या राजाला, दों मानुएलला, एक पत्र लिहिलं. गोवा जिंकून त्याला दीड वर्षही झालं नव्हतं. त्या पत्रात तो कळवतो की कोचीत मला एक पेटी सापडली, तिच्यात मुलांना वाचायला शिकवायची पुस्तकं होती. महाराजांनी ती पेटीत कुजायला पाठवली नसावीत असं वाटलं, म्हणून इथंच लग्न करून राहिलेल्या एका माणसाला मुलांना लिहावाचायला शिकवायला सांगितलं. शाळेत शंभराच्या आसपास मुलगे आहेत, हुशार आहेत, शिकवलेलं चटकन उचलतात, आणि सगळे ख्रिस्ती आहेत.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हातातलं पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्याही घरात अशीच एक पेटी होती. आम्ही ती कुजू दिली नाही, त्याहून वाईट केलं. विकली.

माझं आजोळ फोंड्याजवळचं. 1991 साली घराच्या वाटण्या झाल्या. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली, उघडली तर वर कसर लागलेले कपडे आणि खाली पुस्तकं, वह्या, पाट्यांचे तुकडे. भांडी, दागिने, नारळांची झाडं यांवर चार दिवस वाद झाला. ट्रंकेवर कुणी वाद घातला नाही. रद्दीवाला आला, त्यानं वजन केलं आणि घेऊन गेला. मी तिथं उभी होते. तेव्हा मी पहिलीच्या वर्गाची शिक्षिका होते, तेरा वर्षं मुलांना अक्षर ओळखायला शिकवत होते, आणि तरीही मला त्यात काही राखण्यासारखं दिसलं नाही. या पत्राचं कारण हेच. तुमच्या माळ्यावर अजून ट्रंक असेल, तर तिचं असं होऊ देऊ नका.

त्या ट्रंकेतलं एकच पुस्तक उरलं, तेही देवघराच्या कोनाड्यात कुणीतरी ठेवलं होतं म्हणून. मामाचं पहिलीचं पोर्तुगीज पुस्तक, कव्हर गेलेलं. मामा पोर्तुगीज शाळेत गेला आणि माझी आई शेणवीमामांच्या, म्हणजे गावच्या पंतोजींच्या, मराठी शाळेत. एकाच ओटीवर दोघं अभ्यासाला बसायची, ती धुळाक्षरं गिरवायची आणि तो त्या पुस्तकातून वाचायचा. त्या पानांवर प्रत्येक पोर्तुगीज शब्दाच्या डोक्यावर मामानं शिसपेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेले आहेत. 'ओवु', खाली 'अंडें'. 'उवा', खाली 'द्राक्ष'. आपल्याकडे उवा डोक्यात होतात, आणि त्या शब्दावर वर्ग कसा हसला असेल ते मला पान उघडलं की ऐकू येतं. एका सात वर्षांच्या मुलानं राज्यकर्त्यांचं पुस्तक स्वतःच्या लिपीत ओढून घेतलंय. हे कुठल्याही सरकारी दफ्तरात मिळणार नाही. हे फक्त घरांत आहे.

मामाचं ते पान समजून घेता यावं म्हणून निवृत्तीनंतर मी पोर्तुगीज अंकलिप्यांचा इतिहास वाचत बसले. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते, कारण आपल्या माळ्यावरचा फाटका कागद कुठल्या वंशातला आहे हे कळल्याशिवाय तो जपावासा वाटत नाही.

पोर्तुगीजमध्ये अशा पुस्तकाला कार्तील्या म्हणतात, जुन्या काळी कार्तीन्या. सर्वांत नावाजलेली जुनी कार्तीन्या झुआंव द बारुशची, 1539 सालची, लिस्बनमध्ये छापलेली. पुढच्याच वर्षी त्याचं व्याकरण आलं. हा बारुश म्हणजे 'काझा दा इंदिया'चा, हिंदुस्थानच्या व्यापाराचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीचा मोठा अधिकारी. पोर्तुगीजांच्या आशियातल्या कारभाराचा भलाथोरला इतिहास त्यानं लिहिला, पण स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याच्या अंकलिपीत अक्षरांशेजारी चित्रं आहेत, 'आ'ला आर्वुरी म्हणजे झाड, अशी. पुढं लगेच प्रार्थना, दहा आज्ञा. अक्षर आणि धर्म एकाच शिवणीत. आणि प्रस्तावनेत तो मलबारच्या चार मोठ्या घरच्या माणसांचा उल्लेख करतो, ज्यांना राजानं लिस्बनच्या सांतु एलोय मठात ठेवून शिकवायला लावलं होतं. म्हणजे पोर्तुगीज अंकलिपीच्या अगदी सुरुवातीच्या पानांवरच आपल्या किनाऱ्याची माणसं बसलेली आहेत. बारुशनं त्याच सुमारास लिहिलं की आफ्रिकेत आणि आशियात रोवलेले पोर्तुगीज शिलास्तंभ काळ झिजवून टाकील, पण तिथं सोडून आलेली शिकवण, चालीरीती आणि भाषा काळाला झिजवता येणार नाही. माणसाच्या तोंडात अक्षर घालणं म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

1554 साली लिस्बनला एक तमिळ-पोर्तुगीज कार्तील्या छापली गेली, तमिळ शब्द रोमन अक्षरांत. दोन वर्षांनी, 1556 साली, गोव्यात छापखाना आला, हिंदुस्थानातला पहिला. 1557 साली तिथं फ्रान्सिस झेवियरची धर्मशिक्षणाची पुस्तिका निघाली. तिची एकही प्रत आज उरलेली नाही. हे वाक्य कृपया दोनदा वाचा. या देशात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक, शेकडो हातांत गेलेलं, आणि एकही प्रत नाही. शिकण्याची पुस्तकं अशीच मरतात, वापरून. कविता कपाटात राहते, कायदा दफ्तरात राहतो, अंकलिपी मात्र पोराच्या घामेजल्या बोटांनी फाटते आणि शेवटी चुलीत जाते.

पुढं रायतूरच्या छापखान्यातून 1616 साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' आलं, 1622 साली त्याचीच कोकणीतली 'दौत्रिन' आली, प्रश्नोत्तरांची. लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावं असं मानणारे पाद्री तेव्हा होते. आणि 1684 साली त्याच राज्याच्या व्हाइसरॉयनं, कोंदि द आल्व्होरनं, हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षं! कोकणी गेली नाही, हे सांगायला नको. पण अंकलिपी कुठल्या भाषेत आहे याला तेव्हापासून आपल्याकडे केवढं वजन आलं, ते आजही माध्यमाच्या वादात दिसतं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं.

आपल्याकडे 'क' या अक्षराचं नावच 'क'. मूल अक्षर म्हणतं तेव्हा आवाजच म्हणतं, 'क'ला काना दिला की 'का', संपलं. पोर्तुगीज मुलाचं तसं नाही. तिथं अक्षरांना नावं आहेत, बे, से, एफि, जोता. एका अक्षराचं नाव अगा, आणि त्याला स्वतःचा आवाजच नाही. मग मूल म्हणतं 'बे, आ', आणि मास्तर म्हणतात, 'बा'. 'बे' आणि 'आ' मिळून 'बा' का झालं, याचं उत्तर नसतं. पाठ करायचं, चुकलं की हातावर लाकडी पट्टी. शेकडो वर्षं हेच चाललं. आजही पोर्तुगीजमध्ये एखाद्या गोष्टीच्या प्राथमिक ज्ञानाला 'बे-आ-बा' म्हणतात, जसं आपण 'गमभन' म्हणतो. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये तर अंकलिपी संपल्यावर वाचायला छापील काही नसायचंच, म्हणून कोर्टाचे जुने कागद आणि हस्तलिखित पत्रं मुलांच्या हातात द्यायचे. आठ वर्षांचं मूल आणि कुणाच्या तरी जमिनीच्या खटल्याची नक्कल.

या छळाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला एका आंधळ्या कवीनं. आंतोनियु फेलिसियानु द काश्तील्यु सहा वर्षांचा असताना गोवरानं त्याची दृष्टी गेली. तो भाषा कानानंच शिकला, म्हणून अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज यातला फरक त्याला डोळसांपेक्षा जास्त बोचला असणार. आसोरेस बेटांवर राहत असताना त्यानं नवी पद्धत बसवली आणि 1850 साली ती छापली. आधी आवाज, मग खूण. अक्षराच्या आकाराची एखादी गोष्ट, तालावर टाळ्या, गाणी, चालत चालत म्हणणं. शिक्षकांनी त्याची टर उडवली, वर्गाचा तमाशा केला म्हणाले, आणि तो भांडत राहिला. 1855 साली ब्राझीलला जाऊन तिथल्या शिक्षकांनाही त्यानं ही पद्धत शिकवली. ती फार टिकली नाही. पण टाळ्या वाजवत बाराखडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला, म्हणजे मलाही, तो माणूस जवळचा वाटतो.

दुसराही कवीच. झुआंव द देउश, 1830 साली आल्गार्व्हमधल्या एका गावी जन्मलेला, प्रेमकवितांसाठी प्रसिद्ध. 1876 साली त्याची 'कार्तील्या मातेर्नाल' आली, आईची अंकलिपी. अर्पणपत्रिका आयांना आहे. इतक्या कोवळ्या मेंदूवर शीण आणि जबरदस्ती यांचे कायमचे वळ उठतात हे आयांना उपजतच कळतं, म्हणून जुन्या अंकलिपीच्या जाचातून तुमच्या मुलांना सोडवायचा मार्ग तुमच्या हाती देतो आहे, असं तो लिहितो. त्यानं निरर्थक अक्षरजोड्यांचे तक्ते फेकून दिले. आधी स्वर, आणि पहिलं व्यंजन कुठलं? 'व्ह'. का? कारण 'ब' ओठांतून सुटला की संपला, तो धरून ठेवता येत नाही. 'व्ह' लांबवता येतो, व्ह्ह्ह करत मुलाला पुढच्या स्वरापर्यंत अलगद नेता येतं. आपली 'ग म भ न' ही ओळ हाताच्या सोयीनं लावलेली, सोप्या वळणापासून सुरू होणारी. त्यानं ओळ तोंडाच्या सोयीनं लावली. आणि स्वर नि एक 'व्ह' एवढ्यावर पहिल्याच धड्यात मुलाला पुरे शब्द मिळतात, उवा, ओवु, आव्ह. द्राक्ष, अंडं, पक्षी. मामाच्या पुस्तकातली 'उवा' तिथून चालत आलेली आहे. त्या ओळीचा मूळपुरुष सापडला त्या दिवशी मी मामाच्या फोटोला जाऊन सांगितलं.

आणखी एक कारागिरी त्या पुस्तकात आहे. शब्द तोडायचा नाही, पण त्याचे अवयव, म्हणजे एका दमात म्हणायचे तुकडे, तर दिसले पाहिजेत. मधे आडवी रेघ घातली तर शब्द मोडतो. म्हणून त्यानं एक अवयव गडद काळ्या ठशात आणि पुढचा फिकट राखाडी ठशात छापला. शब्द अखंड राहतो आणि सांधाही दिसतो. मी छत्तीस वर्षं फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी हेच करत आले आणि ही माझी युक्ती आहे असं समजत होते.

त्या वेळी पोर्तुगालमध्ये शंभरातल्या जवळजवळ 80 माणसांना वाचता येत नव्हतं. 1882 साली कासिमिरु फ्रेइरी यांच्या पुढाकारानं फिरत्या शाळांची संस्था निघाली. शिक्षक ही अंकलिपी घेऊन गावात काही महिने मुक्काम करायचा, शिकवायचा आणि पुढच्या गावाला जायचा. त्याच वर्षी संसदेनं ही पद्धत राष्ट्रीय म्हणून स्वीकारली. 1895 साली कवीच्या 65 व्या वाढदिवसाला विद्यार्थ्यांनी त्याचा मोठा सत्कार केला, पुढच्या जानेवारीत तो वारला. त्याच्या मुलानं 1911 साली कोइंब्राला बालशाळा काढली, आणि त्या घराण्याच्या शाळांत आजही हीच पद्धत चालते.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही सगळी भल्या माणसांची गोष्ट आहे. नाही.

1930 साली पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती आणि सक्तीचं शिक्षण तीन वर्षांवर आणलं गेलं. सालाझार सत्तेच्या शिखरावर पोचला त्या 1932 साली एक हुकूम निघाला. वाचनाच्या पुस्तकांत ठरावीक वाक्यं छापलीच पाहिजेत असा. त्यातलं एक असं: घरात प्रमुख बाप, शाळेत प्रमुख मास्तर, राज्यात प्रमुख सरकार. दुसरं: हुकूम देणं किती कठीण आहे हे तुला कळलं असतं तर तू जन्मभर आज्ञा पाळणंच पसंत केलं असतंस. हे सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी! पुढं प्रत्येक इयत्तेला देशभर एकच पुस्तक आलं. 1938 साली शाळांच्या भिंतींवर लावायला 'सालाझारची शिकवण' नावाची सात चित्रं वाटली गेली. देव, देश, कुटुंब. शेवटच्या चित्रात बाप शेतावरून परततोय, आई चुलीपाशी आहे, घरात मुलं आणि क्रूस.

मामा शाळेत होता तो हाच काळ. फोंड्याच्या मुलाला पोर्तुगालच्या नद्या आणि आगगाडीची स्टेशनं ओळीनं पाठ होती. बर्फ त्यानं जन्मात पाहिला नाही, पण पोर्तुगालच्या सेर्रा दा एश्त्रेला डोंगरावरच्या बर्फाची ओळ तो म्हातारपणीही घडाघडा म्हणायचा. म्हादईचं नाव त्या पुस्तकात नव्हतं.

हे वाचून काहींचं मन म्हणेल, मग जाऊ देत ती पुस्तकं, गुलामीचीच ना. मला हा राग कळतो, माझ्या आईलाही तो होता. 1961 च्या डिसेंबरात तिनं मामाची एक वही चुलीत घातली, असं ती स्वतः सांगायची. आणि काही घरांत याच्या उलट आहे. तिथं पोर्तुगीज काळ म्हणजे शिस्त, संगीत, सुंदर अक्षर, आणि तो किती छान होता याच्याच आठवणी. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे, पुस्तक उघडून बघा. ज्याला राग आहे त्याला तिथं आईला अर्पण केलेल्या अंकलिपीची 'उवा' सापडेल. ज्याला ओढ आहे त्याला आज्ञाधारकपणाची ती वाक्यं सापडतील, लहान मुलासाठी मोठ्या ठशात छापलेली. पण पुस्तक असेल तरच हे सापडेल.

ब्राझीलमध्ये याच भाषेनं, याच अवयवांनी काय केलं ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तिथल्या अंकलिप्यांतलं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, 'एवा व्हिउ आ उवा', एवानं द्राक्ष पाहिलं. आपलं 'कमल नमन कर' आहे ना, तसंच. तिथंही 'व्ह' आणि तिथंही द्राक्ष. तिथल्या रेसीफे शहराचा शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यावर म्हणाला की एवानं द्राक्ष पाहिलं एवढं वाचता येऊन भागत नाही, ते द्राक्ष पिकवायला कोण राबतो आणि त्यातून नफा कुणाला होतो हेही कळायला हवं. 1963 साली आंजिकोस नावाच्या कोरड्या मुलखातल्या गावी त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सुमारे 300 मजुरांना 40 तासांत वाचायला शिकवायचं ठरवलं. मुलांची अंकलिपी त्यानं मोठ्या माणसांच्या हातात दिलीच नाही. आधी तिथल्या माणसांत बसून त्यांचे शब्द गोळा केले, त्यांतून दीड-दोन डझन निवडले. शब्द निवडताना दोन कसोट्या, त्यात त्यांचं जगणं असलं पाहिजे आणि भाषेचे सगळे अवघड आवाज हळूहळू त्यातून आले पाहिजेत. लोक पहिली कसोटी लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात. दुसरीशिवाय वाचता येत नाही, हे पहिलीच्या कुठल्याही बाईला विचारा.

त्याच्या कामातला सर्वांत प्रसिद्ध शब्द 'तिजोलो', म्हणजे वीट. भिंतीवर चित्र दाखवायचं, गवंडी वीट रचताहेत. त्यावर बोलायचं. मग शब्द, मग त्याचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचं घराणं. ता ते ति तो तु. जा जे जि जो जु. ला ले लि लो लु. मराठी माणसानं हे वाचलं की तो थबकतो. ही तर बाराखडी! आपल्या मुलांना जे सरळ हातात मिळतं ते रोमन लिपीत फ्रेइरेला मांडून दाखवावं लागलं. आता या तक्त्यातून तुम्हीच शब्द जुळवा, असं तो सांगायचा. एका मजुरानं जुळवलं, 'तु जा ले', तू आता वाचतोस. विटेतून. आणि वीट वाहायचं आपलं घमेलं पोर्तुगीज गामेलापासून आलंय, ती रचणारा मिस्त्री पोर्तुगीज मेस्त्रीपासून, ज्याचा एक अर्थ मास्तर. मी हे जमवून आणलेलं नाही, शब्दच असे एका रांगेत उभे आहेत.

2 एप्रिल 1963 रोजी आंजिकोसच्या वर्गाचा समारोप झाला, त्याला राष्ट्राध्यक्ष झुआंव गुलार्त स्वतः हजर होते. देशभर असे वर्ग काढायची योजना झाली. ब्राझीलमध्ये तेव्हा निरक्षराला मत नव्हतं. म्हणजे वाचायला शिकलेला प्रत्येक मजूर हा नवा मतदार. एका वर्षात, 1964 च्या एप्रिलपर्यंत, लष्करानं सत्ता घेतली, योजना रद्द केली, आणि पुढं फ्रेइरेला सुमारे सत्तर दिवस तुरुंगात टाकलं, मग त्याला देश सोडावा लागला. सत्ता घेण्याच्या आधी, फेब्रुवारीतच, रिओमध्ये पोलिसांनी कॅथलिक मंडळींनी काढलेली प्रौढांची वाचनपुस्तिका छापखान्यात जप्त केली होती. तिचं नाव 'जगणं म्हणजे झगडणं'. अंकलिपी जप्त करायला पोलीस! निरक्षरांना मताचा हक्क मिळायला पुढं 1985 साल उजाडलं.

शाळांतल्या मुलांना मात्र या साऱ्या काळात 1948 साली निघालेली 'कामिन्यु सुआवी', म्हणजे सुखाची वाट, शिकवली जात होती. ब्रांका आल्व्हेस द लिमा या शिक्षिकेची. चित्राच्या पोटातच अक्षर दडवलेलं. तिच्या चार कोटींहून जास्त प्रती गेल्या. इतक्या मुलांचं पहिलं पुस्तक, आणि लेखिकेचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? आफ्रिकेत अंगोला आणि मोझांबिक 1975 साली स्वतंत्र झाले, आणि वर्ष-तीन वर्षांच्या आत दोन्हीकडे साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या, त्याही पोर्तुगीजमध्येच. अंगोलातल्या पुस्तिकेचं नाव 'विजय निश्चित आहे'. सालाझारच्या आज्ञाधारक वाक्यांना जे व्यंजन-स्वर लागले, तेच तिथं बंडाच्या वाक्यांना लागले.

म्हणून मला वाटतं, एखाद्या काळानं मुलाला किंवा मजुराला पहिलं वाक्य कुठलं दिलं, यात त्या काळानं त्या माणसाला काय मानलं ते दिसतं. गोव्यात साडेचारशे वर्षं ही पहिली वाक्यं दिली गेली, आणि ती घेणाऱ्यांनी समासात काय लिहिलं ते तुमच्या ट्रंकांत पडलंय. छापील मजकुराची दुसरी प्रत कदाचित लिस्बनला मिळेल. मामाच्या पेन्सिलीची दुसरी प्रत कुठंही नाही.

आता मागणं. पेटी पावसाळ्यात उघडू नका, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत उघडा. पुस्तकं झटकू नका, मऊ ब्रशनं धूळ काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, दोन्हींनी कागद मरतो. पेन्सिलीच्या खुणा, शाईचे डाग, मागच्या पानावरच्या रेघोट्या खोडू नका, माझ्या दृष्टीनं तीच खरी संपत्ती आहे. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरं पान असलं तरी. पुस्तक कुणाचं, कुठल्या शाळेतलं, साधारण कुठल्या सालचं, ते एका वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. घरात सांभाळायला कुणी नसेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली सुरू झालेलं. पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. तिथल्या माणसांशी बोला. अशा घरगुती, रंगवलेल्या, कव्हर नसलेल्या प्रतींसाठी एक वेगळं कपाट असावं, ही माझी त्यांनाही याच पत्रातून विनंती. आणि शेणवीमामांच्या शाळेतल्या मराठी वह्या, मोडी कित्ते, रोमी कोकणीतली प्रार्थनेची पुस्तकं याच पेट्यांत असतील, तीही त्याच कपाटात शेजारी ठेवा. ओटीवर ती शेजारी शेजारीच होती.

एक काम मात्र कागदाहून घाईचं आहे. 1961 साली जे चौथीत होते ते आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या हातात ते पुस्तक द्या आणि वाचायला सांगा. कसे उच्चार करायला शिकवले होते, कुठल्या ओळीवर मार बसला होता, कुठला शब्द घरी येऊन कोकणीत किंवा मराठीत समजून घेतला होता, ते बोलू द्या आणि रेकॉर्ड करा. मामा 2009 साली गेला. शेवटच्या वर्षी मी ते कव्हर नसलेलं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. चष्मा न लावता त्यानं पान उलटलं, बोट ठेवलं, आणि 'उवा' म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'बाईंनी आम्हाला द्राक्ष दाखवलंच नाही कधी. मी सोळा वर्षांचा झालो तेव्हा पहिलं खाल्लं, बेळगावात.' माझ्याकडे तेव्हा रेकॉर्डर नव्हता. हे मी त्याच रात्री पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, तारीख घालून, पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

आपली,
पहिलीच्या वर्गाची एक निवृत्त शिक्षिका
सावंतवाडी